अर्ध्या तासाची विश्रांती: जुनी पिकअप, व्हेपर लॉक आणि चुकत गेलेलं निदान

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, हा इतिहासाचा कार्यक्रम आहे की गॅरेज? आज थोडं दोन्ही आहे. आज बोलायचंय एका जुन्या अमेरिकन पिकअपबद्दल, तिला होणाऱ्या एका साध्या आजाराबद्दल, आणि त्या आजाराचं निदान दोन-तीन पिढ्या कसं चुकत राहिलं त्याबद्दल.

यंत्रांचा इतिहास आपण बहुतेक वेळा शोधांपासून सांगतो. कुणी इंजिन बनवलं, कुणी पेटंट घेतलं, कोणत्या साली कारखाना सुरू झाला. पण गाडी कारखान्यातून बाहेर पडली की पुढची वीस-तीस वर्षं ती दुरुस्तीच्या जगात जगते. त्या जगाचा इतिहास फारसा कुणी लिहीत नाही. त्यात चुकीच्या दुरुस्तीचा तर नाहीच नाही. कारण चुकीचा इलाज लागू पडल्यासारखा वाटला, तर ती चूक होती हे कुणाला कळतच नाही. आजचा सगळा मुद्दा या एका वाक्यात आहे. आता सविस्तर बघू.

गाडी कोणती?

गाडीचं नाव डॉज पॉवर वॅगन. १९४६ साली बाजारात आली. कारखान्यातूनच चारही चाकांना ताकद देणारी, मोठ्या संख्येनं बनलेली पहिली नागरी पिकअप अशी तिची ओळख आहे. तिचा जन्म युद्धातला. दुसऱ्या महायुद्धात डॉजनं अमेरिकी सैन्यासाठी पाऊण टनी 'डब्ल्यूसी' मालिकेतले फोर बाय फोर ट्रक बनवले होते. युद्ध संपलं, सैनिक घरी परतले, आणि चिखलातून, बर्फातून, रस्ता नसलेल्या रानातून जाणारी गाडी शेतावर, कुरणावर, जंगलात किती कामाची आहे हे त्यांना ठाऊक होतं. मग डॉजनं तोच सांगाडा थोडाफार बदलून नागरी गाडी म्हणून विकायला काढला. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांसाठी ती १९६८ पर्यंत बनत राहिली, आणि तिचं रूप इतक्या वर्षांत फारसं बदललं नाही.

इंजिन सहा सिलेंडरचं, सुरुवातीला २३० घन इंचाचं, म्हणजे साधारण ३.८ लिटर. ताकद ९४ हॉर्सपॉवर. आजच्या छोट्या हॅचबॅकइतकीच म्हणा, पण ओढ जबरदस्त. इंजिनाचा प्रकार 'फ्लॅटहेड'. म्हणजे व्हॉल्व्ह सिलेंडरच्या डोक्यावर नसतात, बाजूला ब्लॉकमध्येच असतात, आणि वरचं हेड एखाद्या झाकणासारखं सपाट. या रचनेत हवा-पेट्रोल आत घेणारी वाट आणि जळका धूर बाहेर टाकणारी वाट ब्लॉकच्या एकाच बाजूला येतात. म्हणजे कार्बोरेटर जवळजवळ तापलेल्या सायलेन्सर-पाइपाच्या मुळाशीच बसलेला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणखी दोन गोष्टी. एक, सुरुवातीच्या गाड्यांची वीजयंत्रणा ६ व्होल्टची होती. दुसरी, या गाडीला 'पीटीओ' मिळायचा. म्हणजे इंजिनाची ताकद चाकांऐवजी बाहेर काढून विंच, पाण्याचा पंप, करवत असलं काहीही चालवता यायचं. त्यामुळे ही गाडी तासन्‌तास जागेवर उभी राहून काम करायची. वारा नाही, आणि इंजिन मात्र जोरात चालू.

आपला आणि या घराण्याचा संबंध अगदीच नाही असं नाही. तेव्हा डॉजची मालक क्रायस्लर होती. क्रायस्लरशी करार करून वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं १९४७ पासून मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात डॉजचे ट्रक जोडायला सुरुवात केली. जुन्या ड्रायव्हरांच्या तोंडी 'डॉज-फार्गो' ही जोडी असते ती तिथली. आणि १९५१ पासून अमेरिकी सैन्यासाठी पॉवर वॅगनचं जे लष्करी भावंड बनलं, एम-३७, त्याच धाटणीचा ट्रक जपानी निसाननं काढला. तोच पुढे परवान्यानं जबलपूरला आपल्या लष्करासाठी बनला. लष्कराच्या लिलावातून बाहेर पडलेल्या त्या 'वन टन' गाड्या तुमच्यापैकी काहींनी पाहिल्या असतील. म्हणजे आजचा आजार परदेशी असला तरी तो आपल्याकडच्या मिस्त्रींनाही चांगला ओळखीचा आहे.

आजार कोणता?

लक्षण असं. सकाळी गाडी एका सेल्फला चालू होते. छान पळते. अर्धा-पाऊण तास जातो. चढ लागतो, ऊन वाढतं. मग गाडी मिस मारायला लागते, अडखळते, आणि बंद पडते. सेल्फ मारत राहा, पकडत नाही. ड्रायव्हर बॉनेट उघडतो, सावली शोधतो, विडी ओढतो. अर्ध्या तासानं पुन्हा सेल्फ मारतो आणि गाडी काहीच न झाल्यासारखी चालू होते.

अमेरिकेत या लक्षणाला एक तयार नाव होतं, व्हेपर लॉक. आपल्याकडेही होतं. मे महिन्यात कसारा किंवा खंबाटकी घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या जीप, अॅम्बेसेडर, फियाट आठवा. एसी पंपावर ओलं फडकं टाकलेलं. एसी पंप म्हणजे पेट्रोल ओढणारा इंजिनावरचा पंप, त्याला आपल्याकडे कंपनीच्या नावानंच ओळखतात. थांबलेल्या ड्रायव्हरला विचारलं, काय झालं? तर उत्तर तेच, व्हेपर लॉक झालंय.

आता व्हेपर लॉक ही काही अंधश्रद्धा नाही. खरी गोष्ट आहे. पेट्रोल हे अनेक द्रवांचं मिश्रण असतं, आणि त्यातले हलके घटक ३५-४० अंश सेल्सियसलाच उकळायला लागतात. जुन्या गाडीत पंप इंजिनावर आणि टाकी मागे. म्हणजे पंप पेट्रोल ढकलत नाही, लांबून ओढतो. ओढताना नळीत दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की द्रव आणखी कमी तापमानाला उकळतो. उंच डोंगरात हवेचा दाब आधीच कमी, तिथे अजून वाईट. नळीत वाफेचा बुडबुडा झाला की पंप ती वाफच दाबतो आणि सोडतो, पेट्रोल पुढे सरकत नाही. कार्बोरेटरची वाटी रिकामी होते. गाडी बंद. इंजिन निवलं की वाफेचं परत पेट्रोल होतं. गाडी चालू.

पेट्रोल किती चटकन वाफ होतं हे मोजायला तेलकंपन्या 'रीड व्हेपर प्रेशर' नावाचं माप वापरतात. ते १०० अंश फॅरनहाइट, म्हणजे ३७.८ अंश सेल्सियसला घेतात. थंडीत गाडी लवकर चालू व्हावी म्हणून हिवाळ्याच्या पेट्रोलात हलके घटक जास्त ठेवतात. वसंतात एखादा गरम दिवस आला आणि टाकीत हिवाळ्याचं पेट्रोल उरलेलं असलं, की व्हेपर लॉकला आमंत्रणच. म्हणजे शास्त्र पक्कं आहे. अडचण अशी की तेच लक्षण आणखी निदान चार कारणांनी दिसतं.

लाकडी चिमट्यांची गोष्ट

त्याआधी एक मजेशीर इलाज सांगतो. अमेरिकेत जुन्या गाड्यांच्या पेट्रोलच्या नळीवर कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावलेले दिसायचे. एक-दोन नाही, ओळीनं सात-आठ. समज असा की लाकूड नळीतली उष्णता ओढून घेतं आणि व्हेपर लॉक होत नाही. आजही जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात एखाद्या बॉनेटखाली हे चिमटे सापडतात.

लाकूड उष्णता ओढून घेत नाही. ते उष्णतेचं वाईट वाहक आहे, म्हणून तर तव्याला आणि कढईला लाकडी मूठ लावतात. नळीचा दोन-चार इंचाचा तुकडा लाकडानं झाकून पंपाला काय फरक पडणार? पण लोक शपथेवर सांगायचे, आम्ही चिमटे लावले आणि गाडी चालू झाली.

ते खोटं बोलत नव्हते. गाडी बंद पडली, मालक घरात गेला, चिमटे शोधले, बॉनेट उघडून एक एक लावले. तोवर वीस-पंचवीस मिनिटं गेली. इंजिन निवलं. गाडी चालू झाली. चिमट्यांना श्रेय मिळालं.

मला हा सगळ्या गोष्टीचा गाभा वाटतो. जो आजार विश्रांतीनं आपोआप बरा होतो, त्याच्यावरचा कुठलाही इलाज लागू पडतो. ओलं फडकं टाका, चिमटे लावा, कार्बोरेटर उघडून फुंका, टायरला लाथ मारा. अर्धा तास लागला की झालं. ज्यानं जे केलं ते त्याचं औषध ठरलं, आणि तेच त्यानं पुढच्या माणसाला सांगितलं.

मग खरं कारण काय असायचं?

पहिला संशयित कॉइल आणि कंडेन्सर. इथे थोडं मागे जावं लागेल. चार्ल्स केटरिंग या इंजिनिअरनं १९१० च्या सुमारास कॅडिलॅक गाड्यांसाठी बॅटरीवर चालणारी ठिणगीची यंत्रणा आणली. पुढची साठ-एक वर्षं जगातल्या बहुतेक पेट्रोल गाड्या त्याच तत्त्वावर चालल्या. बॅटरीचा करंट कॉइलमधून जातो आणि पॉइंट नावाच्या छोट्या कळीतून पूर्ण होतो. इंजिन फिरताना ती कळ उघडते, करंट तुटतो, आणि कॉइलमध्ये हजारो व्होल्टचा झटका तयार होऊन प्लगवर ठिणगी पडते. कंडेन्सर असतो पॉइंटच्या शेजारी. पॉइंट उघडताना तिथे ठिणगी उडू नये आणि करंट झटकन तुटावा हे त्याचं काम. बोटाच्या पेरापेक्षा थोडासाच मोठा डबा, आत धातूचा पातळ पत्रा आणि कागद गुंडाळलेला.

कॉइलच्या आत केसासारखी बारीक तार हजारो वेढे घालून गुंडाळलेली असते. तापली की पसरते. इन्सुलेशन म्हातारं झालं असेल तर गरम झाल्यावर आतल्या आत शॉर्ट होते किंवा तार सुटते. निवली की पुन्हा जागेवर. कंडेन्सरच्या कागदाचंही तसंच. म्हणजे गाडी गरम झाल्यावर ठिणगी मरते आणि अर्ध्या तासानं परत येते. ड्रायव्हरच्या सीटवरून बघितलं तर व्हेपर लॉकपेक्षा काही वेगळं दिसत नाही.

दुसरा संशयित टाकीचं झाकण. टाकीतून पेट्रोल जातं तशी तेवढी हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतं. शेतावरच्या, रानातल्या गाडीचं ते भोक धुळीनं बुजतं. मग टाकीत निर्वात तयार होत जातो, आणि अर्ध्या-पाऊण तासानं पंपाला ओढवेनासं होतं. गाडी बंद. थांबलं की फटीतून हवा हळूहळू आत शिरते. गाडी चालू. इथे उष्णतेचा काही संबंधच नाही, पण वेळेचं गणित तेच.

तिसरा, टाकीतला कचरा. गंजाचा पापुद्रा, पाल्याचा तुकडा, चिंधी. गाडी चालू असताना ओढला जाऊन नळीच्या तोंडावर बसतो. गाडी थांबली की खाली पडतो. पुन्हा तीच विश्रांती, पुन्हा तोच चमत्कार.

चौथा मात्र उलटा आहे. गरम इंजिन बंद केलं की कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळून आतल्या वाटेत सांडतं. म्हणजे इथे पेट्रोल कमी पडलेलं नसतं, जास्त झालेलं असतं. फ्लॅटहेड इंजिनात कार्बोरेटर गरम जागी बसलेला, हे मघाशी सांगितलंच. यावर अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून सेल्फ मारायचा असतो. पण व्हेपर लॉक समजून माणूस अॅक्सिलरेटर भराभर पंप करतो, आणि आणखी पेट्रोल सांडतो. उष्णता तीच, परिणाम उलटा, आणि एकाचा इलाज दुसऱ्याला घातक.

सगळ्यांना तेच नाव का सुचलं?

याचं पहिलं कारण असं की व्हेपर लॉक या निदानात कुणाचाच दोष नाही. ऊन होतं, चढ होता, पेट्रोल उकळलं. ड्रायव्हर सुटला, मिस्त्री सुटला, पार्ट विकणारा सुटला. खर्चही काही नाही. कंडेन्सर गेलाय म्हटलं की प्रश्न येतो, गेल्याच महिन्यात बदलला होता ना? कुणी बदलला?

दुसरं कारण, व्हेपर लॉक डोळ्यांसमोर उभं राहतं. उकळतं पेट्रोल, नळीतला बुडबुडा. त्या काळच्या अनेक पंपांना खाली काचेची वाटी असायची, तिच्यात बुडबुडे दिसायचेही. कंडेन्सरच्या आतला कागद कुणाला दिसतो?

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि ते दुरुस्तीच्या व्यवस्थेत आहे. महायुद्धात अमेरिकी सैन्यानं गाड्यांच्या देखभालीच्या पाच पायऱ्या ठरवल्या होत्या. पहिली पायरी स्वतः चालकाची: तेल-पाणी, हवा, साफसफाई, घट्ट-सैल. दुसरी त्या तुकडीच्या मिस्त्रींची. मग तिसरी, चौथी, आणि पाचवी म्हणजे मोठ्या कार्यशाळा. लाखो माणसं, त्यातली बरीचशी आयुष्यात पहिल्यांदा गाडीला हात लावणारी, त्यांच्या हाती लाखो गाड्या. एकट्या युद्धकालीन जीपचीच संख्या सहा लाखांहून अधिक. हे सांभाळायला असलीच शिस्त हवी होती, आणि तिनं काम केलं.

प्रत्येक गाडीचं छापील पुस्तक होतं. विलीज जीपचं १९४४ चं टीएम ९-८०३ प्रसिद्ध आहे. त्यात बिघाड शोधण्याचा वेगळा विभाग आहे, लक्षण आणि त्यामागची संभाव्य कारणं अशा रचनेचा. जोडीला 'आर्मी मोटर्स' नावाचं मासिक, त्यात विल आइसनर या चित्रकाराचा 'जो डोप' हा वेंधळा शिपाई, जो गाडीचे हाल करतो आणि वाचकाला धडा देतो. १९५१ पासून त्याच परंपरेत 'पीएस' मासिक सुरू झालं, तेही आइसनरच्याच चित्रांनी.

हे साहित्य आजही वाचण्यासारखं आहे. पण आपल्या आजारापुढे या व्यवस्थेची एक अडचण होते. गाडी बंद पडते चढावर, चालकासमोर. त्याच्याकडे अवजारं थोडी आणि अधिकारही थोडा. मिस्त्रीकडे गाडी पोचते संध्याकाळी, थंड झालेली, व्यवस्थित चालणारी. आजार पाहिला एकानं आणि निदान करायचं दुसऱ्यानं. मिस्त्रीच्या हातात उरते ती फक्त चालकाची गोष्ट, आणि चालकाच्या गोष्टीत निदान आधीच घुसलेलं असतं: साहेब, व्हेपर लॉक होतंय. डॉक्टरकडे गेल्यावर ताप नेमका उतरलेला असतो, तसं.

युद्धानंतर हीच पद्धत नागरी गॅरेजात आली. मिस्त्री काय करायचा? 'ट्यून-अप'. पॉइंट, कंडेन्सर, प्लग, रोटर, सगळं एकदम नवं. बहुतेकदा गाडी बरी व्हायची, कारण त्या संचात खरा गुन्हेगार असायचाच. पण तो कोणता होता हे कळायचं नाही. आणि एखादा नवा कंडेन्सरच मुळात खराब निघाला तर? 'तो आत्ताच बदललाय' म्हणून त्याच्यावर संशयच जायचा नाही.

सहा व्होल्टची बदनामी

याच घराण्यातली आणखी एक चूक सांगतो. गरम झाल्यावर सेल्फ जड फिरतो, गाडी चालू होत नाही. निदान काय? ही ६ व्होल्टची यंत्रणाच कमकुवत. उपाय, १२ व्होल्ट करा. हजारो जुन्या जीप आणि पिकअप अशा बदलल्या गेल्या, आणि मालक खूश झाले.

आता गणित बघा. ६ व्होल्टच्या गाडीत तेवढंच काम करायला दुप्पट करंट लागतो, म्हणून केबल जाड लागते. वर्षं जातात, केबल बदलायची वेळ येते, दुकानात मिळते १२ व्होल्टची बारीक केबल. तीच लागते. अर्थिंगच्या जागी गंज आणि रंग. अशा जोडात एक व्होल्ट जरी वाया गेला तरी ६ मधला सहावा हिस्सा गेला. १२ मध्ये तोच बारावा. म्हणजे आजार गंजलेल्या जोडात आणि बारीक केबलमध्ये होता. १२ व्होल्ट करताना मिस्त्रीनं काय केलं? सगळे जोड खरवडले, नव्या केबल टाकल्या, अर्थिंग चकचकीत केलं. गाडी बरी झाली आणि श्रेय १२ व्होल्टला गेलं. पुन्हा चिमट्यांचीच गोष्ट.

यात नवा आजारही शिरायचा. काही जण बॅटरी बदलायचे आणि कॉइल तीच ६ व्होल्टची ठेवायचे, मधे रेझिस्टर न लावता. मग कॉइल भयंकर तापायची, पॉइंट जळायचे, आणि गाडी अर्ध्या तासानं बंद पडायची. त्यावर निदान? ओळखा बरं.

एवढं काय बिघडतं?

कुणी म्हणेल, अर्धा तास थांबलं की गाडी चालू होते ना, मग एवढं काय? बिघडतं, कारण या गाड्या फिरायला जायच्या नव्हत्या. पॉवर वॅगन जंगलातल्या वणव्यांवर जायची. मागे पाण्याची टाकी, पीटीओवर पंप. अमेरिकेच्या वनखात्याकडे आणि गावोगावच्या अग्निशमन दलांकडे अशा गाड्या होत्या. कल्पना करा, गाडी जागेवर उभी, समोर आगीची धग, इंजिन पूर्ण जोरात, वारा नाही. गरम झाल्यावर मरणारी कॉइल मरायची ती अशाच वेळी. 'ऊन होतं म्हणून व्हेपर लॉक होतं, चालायचंच' असं म्हणून हिवाळाभर सोडून दिलेली गाडी. अर्धा तास थांबायला तिथे वेळ कुणाकडे असतो?

धोका इलाजातही होता. व्हेपर लॉकच्या संशयानं माणूस पेट्रोलची नळी सोडवतो, ती लालभडक तापलेल्या पाइपाच्या वर. कार्बोरेटरमध्ये वरून पेट्रोल ओततो. चुकीचं निदान माणसाला चुकीच्या जागी हात घालायला लावतं.

आणि पैसा. शेतकऱ्यानं पंप बदलला, मग कार्बोरेटर, मग नळी. कंडेन्सर या सगळ्यांत स्वस्त, आणि त्याची पाळी शेवटी.

संगणक आला, मग?

१९७३ पासून क्रायस्लरनं आपल्या अमेरिकी गाड्यांत इलेक्ट्रॉनिक इग्निशन सरसकट दिलं. पॉइंट गेले, त्यांच्याबरोबर कंडेन्सर गेला. पुढे इंजेक्शन आलं, पंप टाकीत जाऊन बसला आणि पेट्रोल ओढण्याऐवजी दाबानं ढकलू लागला. व्हेपर लॉकची भानगड जवळजवळ संपली. १९९६ पासून अमेरिकेत प्रत्येक नव्या कारला आणि हलक्या ट्रकला ओबीडी-टू, म्हणजे स्वतःचा बिघाड स्वतः नोंदवणारी यंत्रणा, सक्तीची झाली. आपल्याकडेही २०१० नंतर टप्प्याटप्प्यानं तशी सक्ती आली.

आता स्कॅनर लावला की गाडी कोड सांगते. उदाहरणार्थ पी-०१७१. अर्थ एवढाच, की मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. कारण? कुठेतरी हवा गळत असेल, पंप थकला असेल, हवा मोजणारा सेन्सर घाण झाला असेल. पण बऱ्याच ठिकाणी कोड बघितला की ऑक्सिजन सेन्सर बदलतात, कारण तक्रार त्यानं केलेली असते. निरोप आणणाऱ्यालाच बडवायचं, असा प्रकार. कोड म्हणजे लक्षणच, फक्त आकड्यांत लिहिलेलं. १९४४ च्या पुस्तकातली यादी आणि आजचा स्कॅनर, दोघंही तुम्हाला दारापर्यंत सोडतात. आत तुम्हालाच जावं लागतं.

म्हणून जुन्या चांगल्या मिस्त्रींची एक सवय मला फार मोलाची वाटते. ते गाडी बिघडलेली असतानाच तपासायचे. बंद पडल्या पडल्या, निवू न देता. आधी टाकीचं झाकण उघडायचं, 'फुस्स' आवाज आला आणि गाडी चालू झाली तर भोक बुजलंय. मग एअर क्लीनर काढून कार्बोरेटरच्या घशात बघायचं आणि अॅक्सिलरेटरचा दांडा हलवायचा, पेट्रोलची धार आली तर वाटीत पेट्रोल आहे, व्हेपर लॉकचा विषय संपला. मग पेट्रोलच्या वासापासून लांब, इन्सुलेशनच्या पकडीनं प्लगची वायर ब्लॉकजवळ धरून ठिणगी बघायची. निळी, कडक की पिवळी, मरतुकडी, की नाहीच? आणि ओलं फडकं टाकायचंच असेल तर फक्त पंपावर टाकायचं, आणि लगेच सेल्फ मारायचा. दोन मिनिटांत चालू झाली तर पंपाचं खरं. अर्ध्या तासानं चालू झाली तर फडक्यानं काहीच सिद्ध केलं नाही.

सगळं मिळून पाच-सात मिनिटांचं काम. पण ते करायचं उन्हात, घाटात, मागून हॉर्न वाजत असताना, आणि सावलीत जाऊन बसावंसं वाटत असताना. तिथेच निदान चुकायचं. पुस्तकं होती, शास्त्र होतं, अवजारं होती. आजार समोर उभा असतानाची ती पाच मिनिटं मात्र कुणी खर्च करायला तयार नसायचं.

तुमच्या घरात, गावात कुणी जुने जीपवाले, ट्रकवाले, मिस्त्री असतील, तर त्यांना एकदा विचारा: व्हेपर लॉक झालंय हे तुम्ही कशावरून ओळखायचात? उत्तर ऐकण्यासारखं असेल. आणि त्यांनी ते सांगितलं तर लिहून ठेवा, कारण हा इतिहास बहुतेक सगळा तोंडीच आहे. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.